कणीक, कॉर्नफ्लोर आणि शाडू

नाशिक, जुलै

प्रिय मीनल,

पावसामुळे अन्वीला बाहेर सोडता येत नाही आणि दिवसभर तिच्या हाताला काहीतरी लागतं, असं तू लिहिलंयस. बाजारातून डबे आणण्याआधी हे वाच. तुझ्या स्वयंपाकघरात बरंच काही पडलेलं आहे.

सुरुवात खेळायच्या कणकेपासून कर. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. जाड बुडाच्या कढईत सगळं गारच कालव, गुठळ्या मोड, मग मध्यम आचेवर उलथन्याने सतत हलवत राहा. पाच-सात मिनिटांत मिश्रण कडा सोडतं आणि गोळा होतो. गडबड होते ती इथेच. गोळा झाला की लगेच गॅस बंद केला जातो, पण तो आतून कच्चा असतो आणि मग हाताला चिकटतो. चिमटीत दाबून बघ, बोट कोरडं निघालं की उतरव. कोमट असतानाच तेलाच्या हाताने भरपूर मळ.

न शिजवताही जमते असं कुणी सांगेल, पण कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि अडीच वर्षांचं मूल बोट तोंडात घालणारच. मीठ कमी करू नकोस, कणीक त्यानेच टिकते. मात्र तेच मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं आणि कणीक पाझरायला लागते. तेव्हा वरून मैदा न भुरभुरता परत दोन मिनिटं कढईत परतून घे. एखादा कण गिळला तर काळजी नको, गोळा मात्र खाऊ देऊ नकोस. एवढं मीठ तिला झेपणार नाही, आणि घरातल्या कुत्र्यालाही नाही. रंगाला हळद उत्तम. खेळून झाल्यावर साबण लावला की हात लाल दिसतील, घाबरू नकोस, साबणाने हळदीचा रंग पालटतो.

साचे लगेच काढू नकोस. साचा हातात आला की मूल तेवढंच करत बसतं. पहिले काही दिवस नुसता गोळा, मग पोळपाट-लाटणं, मग करंजीचं कातणं. आणि ‘काय केलंस?’ हा प्रश्न तर नकोच. या वयात ती काही ‘करत’ नसते, दाबून, ओढून, तोडून बघत असते, आणि तेच खरं काम आहे.

दुसरा खेळ कॉर्नफ्लोरचा. दोन वाट्या कॉर्नफ्लोरला साधारण एक वाटी पाणी, शेवटची पाव वाटी चमच्या-चमच्याने. मक्याचं पिवळं पीठ चालत नाही, पांढरं, चिमटीत कुरकुरणारं हवं. मूठ पटकन आवळली की ते दगडासारखं होतं, सोडली की बोटांतून ओघळतं. जोरात दाबलं की पिठाचे कण एकमेकांत अडकतात, हळू हलवलं तर मधल्या पाण्यातून सरकतात. थोड्या वेळाने पीठ तळाशी बसतं, तेव्हा खालून ढवळून घे. उरलेलं मोरीत ओतू नकोस, पाइपात बसून तुंबतं. परातीतच वाळू दे आणि झाडून काढ.

अन्वी ओल्या वस्तूला हात लावत नाही, असंही लिहिलंयस. तिचा हात धरून त्यात कधीच बुडवू नकोस. चमचा दे, शेजारी ओला नॅपकिन ठेव, म्हणजे हात केव्हाही पुसता येतो हे तिला कळेल. जाड झिपच्या पिशवीत थोडं कॉर्नफ्लोर आणि रंग भरून फरशीला चिकटवून दिलंस तर ती वरूनच दाबेल. बोट आत कधी घालायचं ते तिचं तिला ठरवू दे.

धाकट्याला यातलं काही नको. राजमा, चणे, साबुदाणा त्याच्या हाती लागू देऊ नकोस. चणा नाकात गेला की तिथेच फुगतो. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी तर घरातच आणू नकोस, पोटात जाऊन फुगले तर आतडं अडवतात. रांगोळीची धूळही दोघांपासून लांब ठेव. त्याला परातीत बोटभर पाणी, फडकं आणि लाकडी डाव पुरे, पण तिथून उठू नकोस. इतक्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडी काढली, अनुताई वाघही त्यांच्याबरोबर होत्या. तिथली साधनं म्हणजे बिया, शिंपले, पानं, खडे, गावात मिळेल ते. म्हणून महागाच्या खेळण्यांवाचून काही अडेल असं मनात आणू नकोस.

पोळ्याच्या सुमारास शाडू आण. सुका भुगा तू स्वतः रात्रभर भिजव, त्याची धूळ मुलांसमोर नको. सकाळी वरचं पाणी ओत आणि कापडावर मळ, हाताला लागेनाशी झाली की झाली. बैलाचे पाय जाड ठेव. बारीक पाय आधी वाळून आकसतात आणि जाड पोटापासून सुटतात. जोडताना दोन्ही बाजूंना काडीने रेघा ओढून मध्ये पातळ चिखल लाव. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलीस की गणपतीपर्यंत पुरेल.

कणीक कशी झाली ते कळव. चिकटली तर किती मिनिटं परतलीस तेही लिही.

तुझी,
वैशाली