निफाडच्या आप्पांना, विमान शिकणाऱ्या पोरांकडून

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

हवेत इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ते पुस्तकात आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या सेसना १७२ या छोट्या विमानाचा वेग ६५ नॉटच्या, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या, आसपास धरायचा. वारा नसेल तर दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किलोमीटर) तरंगत जाता येतं. इंधनाचा कॉक ‘बोथ’वर (दोन्ही टाक्या चालू), मिक्श्चर रिच (हवेत इंधन जास्त), कार्ब्युरेटर हीटचा दांडा बाहेर, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा चालू. पावसाळी दमट हवेत पंचवीस अंशांनाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. हीट दिल्यावर तो वितळतो, पाणी इंजिनात जातं आणि खडखड आधी वाढते. घाबरून हीट बंद करायची नाही. तरीही इंजिन धरलं नाही, तर ‘मोकळं, सपाट शेत निवडा’. पुस्तक इथे संपतं.

पुढचं तुम्ही बांधावर उभं करून दाखवलंत, त्याबद्दल हे पत्र.

द्राक्षबाग वरून सपाट दिसते. खाली लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, दोन ओळींत नऊ-दहा फूट. आमचे पंख ३६ फुटांचे. छाटणीनंतर पानं जातात, तारा तिथंच. मे महिन्यातली नांगरट मोकळी खरी, पण ढेकळं डोक्याएवढी. पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात नाकाखालचं चाक रुततं आणि विमान उलटतं. मार्च-एप्रिलमधलं गहू काढलेलं रान सगळ्यांत बरं, तेही साऱ्यांच्या, म्हणजे लांब वाफ्यांच्या, लांबीने. आडवं उतरलं तर प्रत्येक वरंबा चाकाला धडकतो. कांद्याच्या रानात कडेची कांदा साठवायची चाळ आधी बघायची.

आणि ते तुमचं वाक्य: विहीर दिसली की मोटार आली, मोटार आली की तार आली. वरून खांब कसेबसे दिसतात, तार दिसतच नाही. आता आम्ही आधी विहिरी शोधतो.

तुम्ही विचारलं होतं, शेवटी दारं का उघडायची? सांगाडा वाकला तर ती अडकतात, म्हणून टेकण्याआधीच किलकिली करायची. शेत नक्की झालं की मिक्श्चर, कॉक आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा) बंद. सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच मात्र फ्लॅप (पंखांमागच्या, वेग कमी करायच्या झडपा) उतरल्यावरच, कारण फ्लॅप विजेवर चालतात.

नवी पोरं सोयाबीन काढणीच्या सुमारास आणू. त्या रानात ओल किती दिवस टिकते, तेवढं त्यांना पायाखाली दाखवा.

आपली,
नाशिकची विमानवाली पोरं