प्रश्न विचारून थांबायला शिकले

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

सराव पाठांचा हा टप्पा संपत आला. फोनवर तुम्ही 'कसं चाललंय' विचारता आणि मी 'छान' म्हणून मोकळी होते. सांगायचं खूप असतं, पण ते दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले.

पाठ टाचण काढणं, फळ्याचं नियोजन, वेळेत पाठ संपवणं हे सगळं हळूहळू अंगवळणी पडलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. मला खरं घडवलं ते प्रश्न विचारल्यानंतरच्या शांततेनं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. 1970च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही, की शिक्षक प्रश्न बदलतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली, तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल तुम्हाला. पण वर्गासमोर उभं राहून ते पाळायला धीर लागतो.

आणि त्या थांबण्यात चेहरे दिसतात. एक मुलगी मला अशीच दिसली. तिचं नाव लिहीत नाही, ते तिचं आहे. मी प्रश्न विचारला की ती आधी आजूबाजूला बघायची, चारपाच हात वर गेले की मग तिचा हात वर. मी फळ्याकडे वळून बोलू लागले की तिची पेन्सिल थांबायची. जवळ जाऊन 'कळलं ना?' विचारलं, की गोड हसून मान डोलवायची. तिच्याबद्दल सगळ्यांचं एकच मत होतं, लक्ष नसतं हिचं.

तिची श्रुतलेखनाची वही मी मागून घेतली. लाल वर्तुळांनी भरलेली. पण सगळ्या चुका एका ओळीत मांडल्यावर मी दचकलेच. 'फूल'चं 'पूल', 'साप'चा 'थाप', 'कापूस'चं 'कापू', 'पाऊस'चं 'पाऊ'. काने, मात्रा, उकार सगळे जागच्या जागी! चुकत होते ते स, श, फ असे हवेचे, बारीक आवाज. लक्ष नसलेलं मूल कुठेही चुकतं. हिच्या चुका मात्र एकाच वाटेनं जात होत्या. स्वर जड आणि ठळक असतात, ते पोचतात. हे बारीक आवाज उंच पट्टीतले आणि क्षीण, त्यामुळे उंच पट्टीचं ऐकणं कमी झालं की तेच आधी गळतात. त्यात पंख्याचा आवाज, शेजारच्या वर्गाचा गलका, शिवाय अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो.

आता प्रश्न होता तो माझ्या जागेचा. छात्राध्यापिका म्हणजे शाळेत चार दिवसांची पाहुणी. मुरलेल्या शिक्षकांना 'हिला ऐकू येत नसावं' असं सांगायचं कसं? बाबा, तुम्ही नेहमी म्हणता ना, कागद पुढे ठेवावा, आवाज चढवू नये. मी तेच केलं. चुकलेले शब्द गटवार लिहून काढले, शेजारी बरोबर आलेले शब्द लिहिले आणि तो कागद वर्गशिक्षिकांसमोर ठेवला. त्यांनी शांतपणे दोनदा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या पालकांना बोलावून घेतलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांनी उंच पट्टीचं कमी ऐकू येतं, हे त्या आलेखावर स्पष्ट आलं. आता श्रवणयंत्राचं चाललंय.

पण मला मनापासून सांगायचं आहे ते यानंतरचं. तिला पुढच्या बाकावर बसवा, असं सगळ्यांनीच सुचवलं. मी म्हटलं, तिला विचारू या. ती म्हणाली, 'बाई, मला भिंतीकडेच्या दुसऱ्या बाकावर बसायचंय. तिथून तुम्ही पण दिसता आणि उत्तर देणारी मुलंपण दिसतात.' पहिल्या बाकावर बसलं की बाकीचा वर्ग पाठीमागे जातो, मग कोण काय बोललं ते ओठांवरून कळणार कसं? हे एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. बालहक्कांचा जो करार संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमात म्हटलंय की मुलाशी संबंधित प्रत्येक गोष्टीत त्याला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. परीक्षेसाठी मी हे कलम पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला त्या दुसऱ्या बाकानं शिकवला.

मुलांची बाजू घेणारी शिक्षिका व्हायचं, असं मी तुम्हाला सांगून निघाले होते. तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते मुलांच्या वतीनं भांडणं. आता वाटतं, एकदा दार उघडून दिलं की आपण बाजूला सरकायचं. परवा ती भर वर्गात म्हणाली, 'बाई, परत सांगा ना, माझ्याकडे बघून.' मी तिच्याकडे वळून पुन्हा सांगितलं. तिच्यामागोमाग आणखी एकानं 'मला पण नाही कळलं' म्हटलं. त्याचे कान उत्तम आहेत.

बाबा, आता तुमच्याबद्दल. तिचं ते हसून मान डोलावणं मी ओळखलं, कारण ते मी घरी पाहिलंय. आई स्वयंपाकघरातून काही विचारते, तुम्ही 'हो हो' म्हणता आणि मग आईच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेता. पाहुणे जमले की हल्ली तुम्ही लवकर उठून आत जाता. वयाबरोबर उंच पट्टीचं ऐकणं आधी कमी होतं, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. यात तुमचं काहीही चुकत नाहीये. आणि आई, मोठ्यानं ओरडून उपयोग नसतो, समोर येऊन जरा सावकाश बोललं की पुष्कळ कळतं.

श्रवणचाचणी अजिबात दुखत नाही. कानाला हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं, इतकंच. जाल ना बाबा? कधी आणि कोणाकडे जायचं ते तुम्हीच ठरवा. आई, तू सोबत जा, पण डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं बाबांनाच देऊ दे.

तुमची लेक