गाड्यांच्या तक्त्यात हे रकाने पण टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत छोट्या हॅचबॅक गाड्यांची तुलना येते ती मी न चुकता वाचतो, कारण मी ड्रायव्हिंग शिकवतो आणि माझ्याकडे शिकायला येणारे बरेच जण लायसन्स हातात पडायच्या आधीच त्या तक्त्याचा फोटो मोबाईलवर दाखवून "सर, यातली कुठली घेऊ" म्हणून विचारतात. तक्ता दिसायला छानच असतो, तीन-चार गाड्या शेजारी शेजारी, इंजिन किती सीसी, बीएचपी किती, मायलेज किती, डिकी किती लिटर, टचस्क्रीन किती इंची, आणि खाली एका गाडीला विजेती ठरवून मोकळे. ज्याने आधी दोन-तीन गाड्या वापरल्यात त्याला हे पुरतं, तो ओळींच्या मधलं वाचू शकतो. पण पहिल्यांदाच नवी गाडी घेणाऱ्याला त्यातले निम्मे आकडे काही कामाचे नाहीत आणि त्याला जे कळायला हवं ते तक्त्यात असतच नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आता बीएचपीच घ्या ना, म्हणजे इंजिनची जास्तीत जास्त ताकद. तो आकडा इंजिन मिनिटाला साधारण सहा हजार फेरे घेत असतं तेव्हाचा असतो, आणि शिकाऊ माणूस सोडा, रोज गाडी चालवून मुरलेला माणूससुद्धा ट्रॅफिकमध्ये तिथपर्यंत कधी जात नाही. आपलं सगळं आयुष्य दीड ते अडीच हजाराच्या पट्ट्यात जातं आणि तिथे लागतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, तोही किती आहे यापेक्षा किती फेऱ्यांना मिळतो ते महत्त्वाचं. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात पूर्ण टॉर्क बहुतेक वेळा चार हजाराच्या आसपास येतो, टर्बोवाल्यात बऱ्याचदा दोन हजाराच्या आतच येतो, म्हणून कागदावर टर्बो भारी वाटतो. पण टर्बो फिरायला लागेपर्यंतचा जो सुरुवातीचा टप्पा असतो, म्हणजे नेमकं क्लच सोडून गाडी जागची हलवताना, तेव्हा एक लिटरचं टर्बो इंजिन जरा मरगळलेलं वाटू शकतं आणि नवीन माणसाची गाडी चौकात बंद पडते ती तिथेच, मागचे हॉर्न वाजवतात, हा घाबरतो, परत बंद पडते. हे तक्त्यात कुठे दिसतं? क्लच किती जड आहे, तो कुठे पकडतो, पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता गाडी सरकते का, एवढं जरी आपल्या समीक्षकाने दोन ओळीत लिहिलं तरी माझं निम्मं काम हलकं होईल.

मायलेजचा आकडा मात्र सगळे पाठ करून येतात. हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठेवून, ठरलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून काढलेला असतो. युरोपात जुनी एनईडीसी चाचणी होती ती जेमतेम वीस मिनिटांची आणि अकरा किलोमीटरची, २०१७ पासून तिच्या जागी डब्ल्यूएलटीपी आणली, ती अर्ध्या तासाची आणि तेवीस किलोमीटरची, वेगही जास्त, त्यामुळे आकडे जरा जमिनीवर आले, तरी एसी बंदच असतो. म्हणजे दोन गाड्यांची तुलना करताना आकडे एकाच पद्धतीचे आहेत का हे आधी बघायला हवं. आणि समजा एकाच पद्धतीचे आहेत, एक गाडी लिटरला २० देते आणि दुसरी २२, तर वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पहिलीला ४०० लिटर लागतील आणि दुसरीला साधारण ३६४. फरक ३६ लिटरचा, तोही अख्ख्या वर्षात. लोक या फरकासाठी मागच्या सीटला हेडरेस्ट नसलेली गाडी घेऊन येतात हो!

खरी गडबड होते ती मॉडेल आणि व्हेरिएंटमध्ये, म्हणजे एकाच गाडीच्या कमी-जास्त सोयींच्या प्रकारांमध्ये. आपण तुलना करता टॉप मॉडेलची, कारण कंपनी चालवायला तेच देते, आणि वाचक घेतो बेस किंवा त्याच्या वरचं. या दोन गाड्या नावाने एक असल्या तरी बसल्यावर वेगळ्या असतात. बऱ्याच बेस मॉडेलमध्ये ड्रायव्हरची सीट वर-खाली होत नाही, स्टेअरिंग नुसतं वर-खाली होतं, पुढे-मागे सरकत नाही, नाहीतर जागचं हलतच नाही. उंच माणसाचं भागून जातं. बुटक्या माणसाला, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कितीतरी बायकांना, बॉनेट कुठे संपतं ते दिसत नाही, मग क्लच पूर्ण दाबायला सीट पुढे ओढतात, मग छाती स्टेअरिंगला टेकायला येते आणि एअरबॅग तर त्याच स्टेअरिंगमधून सुटणार असते. छाती आणि स्टेअरिंगच्या मध्ये साधारण पंचवीस सेंटीमीटर अंतर हवं असं सांगतात, वितीपेक्षा थोडं जास्त. सीट वर होणारी असती तर हे जमलं असतं. म्हणून मी उलटंच सांगतो, मोठ्या गाडीचं बेस आणि छोट्या गाडीचं मधलं-वरचं मॉडेल एकाच बजेटमध्ये बसत असेल तर आधी दोन्हीत बसा, आरसे लावा, मान वळवून मागच्या कोपऱ्याची काच बघा, मग ठरवा. हल्ली डिझाईन म्हणून खिडक्यांची खालची रेघ मागे वर चढवत नेतात आणि मागची काच लहान होत जाते, दिसायला रुबाबदार दिसतं आणि रिव्हर्स घेताना काही दिसत नाही, मग त्यावर उपाय म्हणून कॅमेरा, तो परत टॉप मॉडेललाच.

टॉप मॉडेल म्हणजे सगळं चांगलंच असंही नाही बरं का. टायरचं बघा. बेसला समजा १७५/६५ आर १४ टायर आहे आणि टॉपला १९५/४५ आर १६. (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रबराची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिम किती इंची.) गणित केलं तर दोन्ही चाकांची पूर्ण उंची जवळपास तेवढीच, ५८ सेंटीमीटर, पण पहिल्यात रबराची भिंत ११४ मिलिमीटरची आहे आणि दुसऱ्यात फक्त ८८. मधलं अंतर धातूने, म्हणजे अलॉयच्या रिमने भरून काढलं. फोटोत मस्त दिसतं, खड्ड्यात मात्र ते रबरच मार खात असतं, ते कमी झालं की धक्का आत येतो आणि रिम वाकायची शक्यता वाढते, शिवाय टायर बदलताना मोठ्या रिमचा टायर सहसा महागच पडतो. खराब रस्त्यावर रोज चालवणाऱ्याला छोटं चाक आणि जाड टायर बरा, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल, पण तक्त्यात मोठ्या अलॉयला जास्त मार्क असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्टार. सेफ्टीचे स्टार छापता हे चांगलंच करता, पण नुसते स्टार छापू नका, त्यापुढे वर्ष छापा. युरो एनकॅपने, म्हणजे युरोपात गाड्या धडकवून स्टार देणाऱ्या संस्थेने, १९९७ मध्ये चाचण्या सुरू केल्या तेव्हा रोव्हर १०० ला एक स्टार मिळाला आणि त्याच वर्षी ती गाडी बंद झाली, तेव्हापासून लोक स्टार बघायला लागले. पण ही परीक्षा दर काही वर्षांनी अवघड होत जाते. फियाट ग्रांडे पुंटोला २००५ मध्ये पाच स्टार होते, तीच गाडी फारशी न बदलता विकत राहिले आणि २०१७ मध्ये पुंटोची परत चाचणी झाली तेव्हा शून्य. रेनो झोईचं तसंच, २०१३ मध्ये पाच आणि २०२१ मध्ये शून्य, तिथे तर नुसती परीक्षा अवघड झाली असं नाही, मधल्या काळात सीटमधली डोकं आणि छाती दोन्ही वाचवणारी एअरबॅग काढून फक्त छातीपुरती बसवली होती. म्हणजे जुने पाच स्टार आणि नवे चार स्टार यात कुठली गाडी चांगली हे नुसतं आकड्यावरून कळतच नाही. वर्ष हवं, कुठल्या संस्थेने कुठल्या नियमाने केलं ते हवं, आणि चाचणीतल्या गाडीत किती एअरबॅग होत्या आणि मी घेतोय त्या व्हेरिएंटमध्ये किती आहेत ते हवं. अजून एक, समोरासमोर धडकेचे स्टार साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तोलायचे असतात, पाच स्टारची छोटी हॅचबॅक आणि चार स्टारची दोन टनाची गाडी यांची तुलना त्यात होत नाही, हे वाचकाला एकदा तरी नीट समजावून सांगा.

स्टारच्या शेजारी तीन छोट्या गोष्टी लिहिल्या तर फारच बरं. मागे मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, की नुसता कमरेचा. (हा तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने काढला आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरू दिला, तरी इतक्या वर्षांनी कुठल्या कुठल्या गाडीत मधल्या माणसाला तो मिळत नाही.) मागे तिघांना हेडरेस्ट आहे का. आणि ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, ती माझ्या व्हेरिएंटमध्ये आहे का. युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची आहे. सनरूफ पाहिजे म्हणून ईएससी नसलेलं मॉडेल निवडणारे मला भेटतात, मी त्यांच्याशी वाद घालतो, कधी ऐकतात कधी नाही.

डिकीच्या लिटरबद्दल थोडंच. ते लिटर २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे ठोकळे आत रचून मोजतात, कानाकोपऱ्यात ठोकळा गेला की आकडा वाढतो, पण मोठी बॅग आडवी जाते का, डिकीचा उंबरठा किती उंच आहे, ते त्यातून कळत नाही. बॅग घेऊन जा आणि ठेवून बघा, लाजू नका. लांबीचंही तसंच. लांब गाडी म्हणजे आत जास्त जागा असं काही नसतं, १९५९ च्या मिनीमध्ये तिच्या डिझायनरने, इसिगोनिसने, इंजिन आडवं बसवून जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवून दाखवली, आणि २००१ च्या होंडा फिटमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवली म्हणून मागची बैठक वर उचलून उभं सामान ठेवता येतं. जागा लांबीवर कमी आणि इंजिनिअरच्या डोक्यावर जास्त अवलंबून असते, म्हणून दोन गाड्यांच्या लांबीतला सात-आठ सेंटीमीटरचा फरक छापण्यापेक्षा ड्रायव्हरच्या मागे त्याच उंचीचा माणूस बसल्यावर गुडघा किती दूर राहतो ते छापा.

ऑटोमॅटिकच्या रकान्यात नुसतं "आहे" असं लिहिता ते मात्र बदलाच. छोट्या गाड्यांमध्ये जी स्वस्तातली ऑटोमॅटिक असते ती बहुतेक एएमटी, म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं, त्यामुळे गिअर पडताना गाडी मान डोलवते आणि चढावर हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर ब्रेक सोडल्यावर मागे येऊ शकते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, सलग ओढते पण जोरात दाबलं की इंजिन ओरडतं आणि वेग सावकाश येतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी, सगळ्यात शांत, जरा जास्त पेट्रोल खाणारी. तिन्ही चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका आणि बघायचं ते मोकळ्या रस्त्यावर नाही, चढावर आणि थांबत-चालत गर्दीत. शोरूमवाले मोकळ्या रस्त्यावरच नेतात, तुम्ही म्हणायचं की इकडून वळवा.

आणि टचस्क्रीन किती इंची यापेक्षा एसीचं बटण वेगळं आहे का ते सांगा. नवीन माणसाची नजर आधीच सगळीकडे भिरभिरत असते, त्यात पंखा कमी करायला स्क्रीनवर दोन पानं मागे जायला लावलं तर पुढचा ब्रेक मारतोय ते दिसत नाही. युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न यांना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर मार्क कापायचं ठरवलं, म्हणजे हे फक्त माझ्यासारख्या जुन्या माणसाचं रडगाणं नाही.

तर पुढच्या वेळी बीएचपी आणि इंची ठेवायचे तर ठेवा, पण जागा काढून एवढे रकाने टाका: स्टार कुठल्या वर्षाचे आणि कुठल्या व्हेरिएंटचे, सीट वर-खाली होते का, मागच्या मधल्या सीटला पूर्ण पट्टा आहे का, ऑटोमॅटिक कुठल्या जातीची, टायरचा साईज व्हेरिएंटप्रमाणे, आणि स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा डबा. शेवटचं जरूर टाका, कारण टायरची बाजू फाटली तर त्या डब्यातल्या द्रवाचा काही उपयोग नसतो आणि गाडीत स्टेपनीच नाही हे बऱ्याच जणांना पहिलं पंक्चर झाल्यावर कळतं.

आपला,
एक नियमित वाचक