चौकोन दिसले म्हणून फाइल खराब नसते

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कुरखेड्याला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, जातीचे दाखले, शाळेचे पेपर हे रोजचं काम. यंदा रोवणीच्या दिवसांत अरुणाचलचा एक जवान बहिणीच्या लग्नाची पत्रिका पेन ड्राइव्हवर घेऊन आला. उघडली तर पानभर नुसते चौकोन. आम्ही याला ‘डबे आले’ म्हणतो, आणि डबे आले की ‘फाइल खराब आहे’ सांगून मोकळे होतो. मीही तेच सांगितलं. तो म्हणाला, “नहीं भैया, ये हमारी वांचो लिपि है.”

एका चौकोनापुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं. पाच खुणांचा संकेतांक, म्हणजे त्या अक्षराचा संगणकातला क्रमांक, आला. म्हणजे अक्षर फाइलमध्ये शाबूत होतं, माझ्याकडे फॉन्ट नव्हता. नोटो सॅन्स वांचो फुकट मिळतो. तो टाकताच डब्यांच्या जागी अक्षरं उभी राहिली. जवानाने बहिणीचं नाव मोठ्याने वाचलं, मग आईचं. बानवांग लोसू या शिक्षकाने लाँगडिंग जिल्ह्यात २००१ ते २०१२ एवढी वर्षं खपून ही लिपी घडवली. २०१९ मध्ये ती युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, आली: ४४ अक्षरं, सुरांच्या ४ खुणा, स्वतःचे १० अंक. हे सगळं मी त्या रात्री वाचलं, आणि आधी ‘खराब’ म्हणून परत पाठवलेल्या फायली आठवून वाईट वाटलं.

हे आमच्या भागाला का सांगतो? पुढच्याच महिन्यात एक गुरुजी मुलांची नावं गोंडीत भरायला आले. मसराम गोंडी ही गोंडीची लिपी १९१८ सालची, मध्य प्रदेशातल्या बालाघाटची. २०१७ पासून ती युनिकोडमध्ये आहे. फॉन्ट होता, नावं स्क्रीनवर नीट दिसत होती. ऑनलाइन अर्ज जतन केला आणि प्रत्येक नावाची प्रश्नचिन्हं झाली. संगणकातली जागा बाइटमध्ये मोजतात. देवनागरीचं अक्षर साठवायला ३ बाइट लागतात, वांचोचं आणि गोंडीचं ४. बऱ्याच जुन्या डेटाबेसमध्ये एका अक्षराला जागा तिनाचीच ठेवलेली असते. मराठी बिनबोभाट चालते, म्हणून ही चूक कुणाच्या नजरेस येत नाही. मुलांनी मात्र नावं पाटीवर गिरवून आणली होती. शेवटी देवनागरीतच भरली.

अर्ज आणि वेबसाइट बनवणाऱ्यांनी, आपल्या ई-आवृत्तीच्या तंत्रज्ञांनीही, एवढं करून पाहावं: रकान्यात एक वांचो आणि एक गोंडी अक्षर टाकायचं, जतन करायचं, पुन्हा उघडायचं. प्रश्नचिन्ह आलं तर डेटाबेस चार बाइटचा करून घ्यावा. ते काम त्यांच्याच हातात आहे, आमच्या नाही.

माझ्या टायपिंगवाल्या बांधवांना दोन्ही फॉन्ट हवे असतील तर पेन ड्राइव्ह घेऊन यावं, पैसे लागणार नाहीत.

– एक टायपिंग केंद्रचालक, कुरखेडा, जि. गडचिरोली