अंधारात मी काय बघते

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, "अंधारात बसून नेमकं काय बघतेस?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्र.

काचेच्या लोलकाच्या एका बाजूवर, निर्वात कक्षात, मी चांदीचा थर चढवते. जाडी सुमारे 50 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाएवढी. त्यावर ऱ्होडामाइनसारख्या सेंद्रिय रंगाचा पातळ थर. मग हवेच्या बाजूने थेट रंगावर लेसर सोडायचा. रंगाचे रेणू उत्तेजित होतात आणि त्यांच्या ऊर्जेचा काही भाग शेजारच्या चांदीकडे जातो. तिथले मोकळे इलेक्ट्रॉन एका तालात डोलू लागतात आणि पृष्ठभागाला चिकटून एक लाट धावते. हाच सरफेस प्लाझ्मॉन.

गंमत पुढे आहे. या लाटेचा संवेग हवेतल्या प्रकाशापेक्षा जास्त, त्यामुळे सपाट चांदीवरून ती हवेत सुटूच शकत नाही. काचेत प्रकाशाचा संवेगही जास्त असतो, म्हणून तिथे मात्र तिचं जमतं. म्हणून उजेड चांदीच्या पलीकडे, लोलकातून बाहेर पडतो, तोही ठरावीक कोनातच! तांबड्याचा कोन लहान, हिरव्याचा मोठा. उजेड टिपणारा शोधक (डिटेक्टर) फिरवत नेला की रंग बदलत जातो. उजेड फिका असतो, म्हणून तो अंधार.

1968 मध्ये ओट्टो या भौतिकशास्त्रज्ञांनी, आणि वेगळ्या रीतीने क्रेचमान व रेथर या भौतिकशास्त्रज्ञांनी, लोलकातून प्रकाश टाकून अशी लाट उठवून दाखवली होती. आम्ही ती वाट उलटीकडून चालतो.

खरी कसरत अंतराची आहे. रंग चांदीला अगदी खेटला तर ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, फार दूर राहिला तर लाट उठतच नाही. त्यात चांदी काळी पडते, हे आई, तुला मी काय सांगणार!

उपयोग विचाराल तर टीव्ही-मोबाइलच्या ओएलईडी पडद्यांत (ज्यांत सेंद्रिय थर स्वतःच उजेड देतात) बरीच ऊर्जा धातूच्या इलेक्ट्रोडपाशी अशाच लाटांत अडकते. ती सोडवता आली तर तेवढ्याच विजेत जास्त उजेड मिळेल. पण बाबा, "पोरगी टीव्ही बनवते" असं कुणाला सांगू नका. मी फक्त थर मोजते.

आणि आई, लेसरची धास्ती घेऊ नकोस. त्या तरंगलांबीचा गॉगल लावल्याशिवाय आम्हाला आत सोडतच नाहीत, आणि किरणाची उंची डोळ्यांच्या बरीच खाली ठेवलेली असते.

तुमची लेक