सहलीचं वेळापत्रक तिथी बघून करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मालगुंडला आमच्याकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. गणपती आटोपले की घाटावरच्या शाळांचे फोन सुरू होतात आणि मागोमाग व्हॉट्सअॅपवर सहलीचा कार्यक्रम येतो. परवा आलेला बघा: पहाटे चारला कोल्हापूर सोडणे, आंबा घाट, मार्लेश्वर, धारेश्वर धबधबा, कसब्याचं कर्णेश्वर मंदिर, संध्याकाळी गणपतीपुळे. दुसऱ्या दिवशी जयगडची फेरीबोट, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, परशुराम, सवतसडा धबधबा. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून रात्री घरी. मुलं सातवीची, सहल डिसेंबरातली. डिसेंबरात सवतसडा म्हणजे नुसता कातळ, पण यादीत आहे!

गेल्या वर्षी अशीच एक बस नऊला येणार म्हणून सांगून सव्वाअकराला आली. मुलं ताटावर पेंगत होती. एक मुलगी हातात चप्पल धरून पडवीतच झोपली. पहाटे पाचला पुन्हा हॉर्न. त्या दिवशी चतुर्थी होती आणि मुलांना समुद्रात खेळायला सोडायची वेळ कागदावर होती दुपारी तीन. म्हणजे नेमकी पूर्ण भरती.

आमचे मामंजी हा हिशेब बोटांवर करायचे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती, मध्ये साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. पुनव-अवसेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी त्या मानाने कमी चढतं. कालनिर्णय प्रत्येक स्टाफरूममध्ये टांगलेलं असतं. सुट्ट्या बघण्यापलीकडे त्याचा उपयोग करावा.

कारण एकाच सहलीत दोन ठिकाणांना उलटं पाणी लागतं. हेदवीच्या बामणघळीत लाट चिंचोळ्या भेगेत शिरून उंच उसळते, ती बघायची तर भरतीलाच. अर्थात लांबून, घळीच्या कडेला उभं राहून नव्हे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र डोंगराला वळसा घालून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते, ती ओहोटीलाच करावी. लाट आली की तिथे पळायला जागा नाही. पुनवेला दुपारी बाराला तिथे पोचणारी सहल देवळात दर्शन घेऊन मागे फिरली, तर देव रागावणार नाही.

गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सपाट, पण पायाखालची वाळू लाटेबरोबर निघून जाते. पाण्यात न उतरण्याच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. आणि पावसाळा गेला म्हणजे धोका गेला असंही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा ना पाऊस होता, ना वादळ. मुलांना पुळ्याला देवाच्या डोंगराची प्रदक्षिणा घालू द्या. किलोमीटरभराची वाट आहे, समुद्र दिसत राहतो आणि पाय कोरडे राहतात.

धबधब्याचं मी अधिकाराने बोलते. माझं माहेर मारळजवळचं, मार्लेश्वरच्या पायथ्याचं. पाचशेच्या वर पायऱ्या चढून मुलं वर जातात, घामाघूम होतात आणि पाणी दिसलं की धावतात. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर पडतो, खाली ऊन असतं. वरचं पाणी खाली पोचतं तेव्हा आधी रंग बदलतो. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला की वस्तू उचलायलाही थांबायचं नाही, सरळ वर यायचं. पडत्या धारेखाली उभं राहणं तर कधीच नको, धारेबरोबर दगड येतात. डोहातलं फेसाळ पाणी पोहणाऱ्यालाही वर धरत नाही. वाहता धबधबा दाखवायचाच असेल, तर जुलै-ऑगस्ट सोडून पाऊस ओसरल्यावर या, आणि सकाळी या. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडत येतो. डिसेंबरातच यायचं असेल, तर वैभववाडीकडचा नापण्याचा धबधबा बारमाही आहे, तिकडचा वेगळा बेत करा. तो लांबूनच बघायचा, हे आलंच.

आता एक गोष्ट जी मला कुठलीच शाळा विचारत नाही. मुलांचा दर विचारतात, शिक्षकांच्या खोल्या विचारतात, गरम पाणी विचारतात. ड्रायव्हर कुठे झोपणार? तो बसमध्ये डास मारत पडतो आणि सकाळी त्याच्याच हातात चाळीस मुलं आणि घाट. २०१८च्या जुलैत दापोलीहून निघालेली बस आंबेनळी घाटात कोसळली, एकच जण वाचला. त्या अपघाताचं कारण मी सांगणार नाही, पण तेव्हापासून ‘घाट’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ड्रायव्हरला खाट, मच्छरदाणी, वेळेवर जेवण आणि सात तासांची झोप, एवढं कार्यक्रमात लिहा. अंधारात घाट नको.

परवाच्या त्या सरांना मी फोन केला. आधी म्हणाले, “ताई, पालकांना ठिकाणं जास्त लागतात.” मग त्यांनी कॅलेंडर काढलं. शेवटी सवतसडा गेला, हरिहरेश्वर गेलं, पहाटे चारचे सहा झाले. कर्णेश्वर मात्र मी काढू दिलं नाही. तिथलं कोरीवकाम बघायला मुलांना पूर्ण तास द्या म्हटलं. ड्रायव्हरची खाट मी आत्ताच धरून ठेवली आहे.

आपली,
एक वाचक, मालगुंड (जि. रत्नागिरी)