रविवारच्या बैठकीची आठवण

मैत्रिणींनो, रविवारी चार वाजता रामबागेत जमायचंय, विसरू नका हं. एसआरएसचे, म्हणजे सरकारच्या जन्म-मृत्यूंच्या नमुना पाहणीचे, २०१८-२० चे आकडे बघितले, आपल्या मध्य प्रदेशात लाख जिवंत जन्मांमागे १७३ आया दगावल्या, देशात ९७, वाचून पोटात गोळाच आला. एनएफएचएस-५ ची, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची, इंदूर जिल्ह्याची फॅक्टशीट मोबाइलवर डाउनलोड करून आणा, गरोदरपणात चार तपासण्या किती जणींच्या झाल्या, अ‍ॅनिमिया किती, सगळं आहे, पण वस्तीवार काही कळत नाही, ते वस्तीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या रजिस्टरशीच ताडून बघावं लागेल. परवा आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं गरोदरपणाचं कार्ड बघितलं, सातवा महिना लागलाय आणि आरसीएच नंबरची, म्हणजे सरकारी गरोदर-नोंदणीच्या नंबरची, जागा कोरी! दर ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट असते, तिच्यासोबत कोण जातंय ते आजच कळवा.